पंचनाम्यात न सापडणारा फोन

नगरच्या जिल्हा न्यायालयात मी मोटार अपघात भरपाईचे दावे चालवतो. पक्षकार येतो तो फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल असा गठ्ठा घेऊनच. फिर्यादीतलं एक वाक्य आम्हा वकिलांना तोंडपाठ असतं : ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून...’ अपघात राहुरीचा असो की पारनेरचा, वाक्य तेच. त्यात मोबाईल नसतो. पंचनाम्यात मात्र कधीमधी दिसतो : काच फुटलेला काळा मोबाईल एक, चप्पल एक, चेपलेला दुधाचा कॅन एक. तो धडकेच्या वेळी कानाला होता की खिशात, हे कोणी लिहीत नाही.

म्हणून दंड किती वाढवावा या चर्चेत मला फारसा रस उरलेला नाही. कायदा कागदावर पुरेसा कडक आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि हातात फोन धरून गाडी चालवणं कलम १८४ खाली, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवण्यात, मोडू लागलं. पहिल्या खेपेला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये, किंवा दोन्ही.

कैदेची भीती मात्र कुणालाच वाटत नाही, आणि त्याला कारण कायद्यातच आहे. कलम १८४च्या इतर गुन्ह्यांत जागेवर पैसे भरून सुटका नाही. कलम २०० ने ती मुभा दिली आहे ती फक्त हातातल्या फोनपुरती. तडजोड शुल्क किती, हे राज्याने ठरवायचं. महाराष्ट्राने आधी हात आखडता घेतला. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी दंडाचा फेरविचार करा म्हणून केंद्राला लिहिलं होतं. नवे दर आले डिसेंबर २०२१मध्ये : दुचाकीला १,०००, चारचाकीला २,०००, आणि तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास १०,०००.

खरी धास्ती वाटावी ती परवाना जाण्याची. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ सालीच, गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा, असं राज्यांना बजावलं होतं. पण ई-चलान निघतं ते गाडीच्या नंबरावर. फोटोत एमएच १६ किंवा १७ची पाटी स्वच्छ दिसते. चालवत होता तो मालक, मालकाचा मेहुणा की ड्रायव्हर, हे पाटीवरून कसं कळणार? परवाना काढून घ्यायचा तर माणूस थांबवावा लागतो. नगर-मनमाड रस्त्यावर भर रहदारीत गाडी बाजूला घ्यायला लावणं हेही जोखमीचंच काम. शेवटी मालकाच्या मोबाईलवर मेसेज जातो आणि तो लोकअदालतीची वाट बघत बसतो.

दुसरी अडचण याहून मोठी. गुन्हा आहे तो फोन हातात धरण्याचा. टोरांटोच्या संशोधकांनी १९९७ सालीच दाखवलं होतं की फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि फोन हातात नसला तरी त्यात फरक पडल्याचं त्यांना दिसलं नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. बोलणाऱ्याची नजर समोर असते, पण समोरचं त्याला दिसतंच असं नाही.

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामाची लगबग सुरू होते. प्रवरा, संजीवनी, ज्ञानेश्वर, मुळा, कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला संध्याकाळी उभे राहा. दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब, मडगार्डवरचा टेप मोठ्याने चालू, आणि ड्रायव्हर मान वाकडी करून खांद्यात फोन दाबून बोलतोय. पलीकडे मुकादम तरी असतो, नाही तर स्लिपबॉय : खेप कुठवर आली, नंबर कधी लागणार? उचलला नाही तर शिव्या खायच्या. दंड भरायचा तो ड्रायव्हरने. फोन करणाऱ्याला कायदा विचारतसुद्धा नाही. माझ्या मते ही कायद्यातली सगळ्यात मोठी फट आहे.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, याचा नगरकरांना कोण अभिमान. त्याच महामंडळाच्या ई-शिवनेरीच्या खासगी कंपनीकडच्या चालकाने मार्च २०२५मध्ये मुंबई-पुणे मार्गावर गाडी चालवता चालवता क्रिकेटचा सामना पाहिला. प्रवाशाने चित्रण करून थेट परिवहनमंत्र्यांना पाठवलं म्हणून चालकाची नोकरी गेली आणि कंपनीला ५,००० रुपये दंड झाला. फोनचा पुरावा मिळाला तो दुसऱ्या फोनमुळे. मोटारसायकलवर एकट्या जाणाऱ्याच्या मागे असा साक्षीदार नसतो.

आणि तिथेच खरा दंड बसतो. मयत मोटारसायकलस्वार फोनवर बोलत होता हे विमा कंपनीने सिद्ध केलं, तर ‘कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स’ म्हणून भरपाईतून त्याच्या चुकीचा वाटा वजा होऊ शकतो. समजा, भरपाई ठरली २० लाख आणि चूक धरली तीस टक्के, तर सहा लाख गेले. भरणार कोण? त्याची बायको आणि शाळेत जाणारी पोरं. उलटतपासणीत बाईंना हमखास विचारतात, ‘त्या वेळी तुमचं त्यांच्याशी बोलणं चालू होतं का?’ या प्रश्नावर हरकत घ्यायला मी उठतो, पण तोवर तो बाईंच्या जिव्हारी लागलेला असतो.

उलट, समोरचा ट्रकवाला फोनवर होता हे दाखवता आलं तर वारसांची बाजू भक्कम होते, आणि तेवढ्या कारणावरून विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत. पण दाखवायचं कशाने? कॉल रेकॉर्डने. त्यात कॉलची वेळ सेकंदासकट असते. व्हॉट्सॲपवरचं बोलणं मात्र साध्या कॉलसारखं त्यात दिसत नाही. मोबाईल कंपन्यांवर या नोंदी ठेवायचं बंधन दोनच वर्षांचं आहे, आणि दावा पुराव्याला येईपर्यंत दोन वर्षं सहज उलटतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या नातेवाइकांना मी दहावं-तेरावं उरकायच्या आतच तपासी अंमलदाराकडे लेखी अर्ज द्यायला सांगतो : चालकाचा नंबर, अपघाताची वेळ, त्या अर्ध्या तासाचे कॉल आणि डेटा, दोन्हींच्या नोंदी मागवाव्यात. अर्जाच्या प्रतीवर पोलीस ठाण्याचा शिक्का आणि आवक नंबर घ्यायला विसरायचं नाही.