आईची बिऱ्हाडं

बिऱ्हाड हलवायचं ठरतं एकाच्या मनात आणि ते आवरतात, बांधतात, पुन्हा मांडतात दुसऱ्याचेच हात. अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डरची आपल्या लहानपणावरची ‘लिटल हाउस’ पुस्तकं वाचताना माझी नजर म्हणूनच त्या हातांवर खिळते. लॉराच्या बापाला मावळतीची ओढ. आजूबाजूला वस्ती वाढली की त्याचा जीव गुदमरायचा. विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा, डकोटा. कापडी छताची गाडी पुन्हा पुन्हा जुंपली जायची आणि आई, कॅरोलिन, मुलींना घेऊन तीत बसायची. ती लग्नाआधी शाळेत शिकवायची. आता शाळा मागे मागे पडत चालली होती.

लेकीला आठवते ती कामात असलेली आई. हिवाळ्यात लोणी फिकं निघायचं. मग ती गाजर किसून दुधात तापवायची, फडक्यातून पिळायची आणि तो रंग सायीत घालायची. तयार लोणी लाकडी साच्यात दाबलं की प्रत्येक गोळ्यावर स्ट्रॉबेरी आणि तिची पानं उमटायची. विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या त्या घरात फिकं लोणी कुणाला खुपणार होतं? पण तिला ते चालायचं नाही. पुढेही, घर ओंडक्यांचं असो की फळ्यांचं, नवऱ्याने कोरून दिलेल्या छोट्या फळीवर चिनी मातीची धनगरीण बसली की मुली समजायच्या, आता इथे राहायचं.

१८८०-८१ च्या हिवाळ्यात डकोटातलं डी स्मेट गाव बर्फाने कोंडलं. आगगाडी कित्येक महिने फिरकली नाही. पीठ संपलं, कोळसा संपला, रॉकेल संपलं. तेव्हा ही बाई कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात गहू घालून बसली. घरातले सगळे आळीपाळीने ते फिरवत राहिले, तेव्हा कुठे रोजची भाकरी निघायची. वाळल्या गवताला पीळ देऊन त्याचं सरपण झालं. गाडीच्या चाकाचं वंगण, एक बटण आणि चिंधी एवढ्यावर तिने दिवा लावला.

लेकीने आईचं सगळंच गोड करून सांगितलेलं नाही. कॅन्ससमध्ये त्यांनी घर बांधलं ती जमीन ओसेज या मूळ अमेरिकन लोकांची होती. आईच्या मनातली त्या लोकांविषयीची भीती आणि तिटकारा पुस्तकात उघड दिसतो. एकाची नवी वस्ती उभी राहताना दुसऱ्याचं घर उठत होतं, हे त्या घरातल्या कष्टांकडे पाहताना विसरता येत नाही. लेकीचा हात आखडला तो वेगळ्याच ठिकाणी. १८७५ मध्ये जन्मलेला धाकटा भाऊ वर्षाचाही न होता गेला. ‘लिटल हाउस’मध्ये त्याचा मागमूस नाही. लॉराने आधी लिहिलेल्या आत्मकथनात मात्र तो आहे. ते छापून आलं थेट २०१४ साली. आईने ते दुःख कसं गिळलं असेल, हे मुलांच्या गोष्टीत कुठे बसवणार?

कॅरोलिन १९२४ साली डी स्मेटमध्येच वारली. लॉराचं पहिलं पुस्तक आलं १९३२ मध्ये, तिच्या वयाच्या पासष्टाव्या वर्षी. आपल्या हातचं लोणी जगभर वाचलं जाईल, हे आईला कधी कळलं नाही.

या आईची सर्वांत धीट कृती मला गाडीत बसण्यात दिसत नाही. डकोटातही नवऱ्याला पुढची वाट खुणावू लागली, तेव्हा ती आडवी आली: मुली शाळेत जायला हव्यात, आता पुढे जायचं नाही. ती ढळली नाही. दृष्टी गेलेली थोरली मेरी आयोवातल्या अंधशाळेत शिकली. सोळा पूर्ण व्हायच्या आत लॉरा मास्तरीण झाली. वाट पाडणाऱ्यांचे पोवाडे गायले जातात. पण वाट कुठेतरी संपवावी लागते, तेव्हाच तिच्या टोकाला गाव वसतं. ते काम कॅरोलिनने केलं.