पूर्णेच्या काठावर नोकरी कुठंय?

भूपुरातत्त्व म्हणजे काय, हे मी घरी आजवर निदान चार वेळा समजावलंय. बाबांना ते अजूनही ‘जिओलॉजीचंच काहीतरी’ वाटतं, आणि ते फार चूक नाही. पुरातत्त्ववाला जमिनीत भांडं शोधतो, भूपुरातत्त्ववाला ते भांडं ज्या मातीत सापडलं ती माती वाचतो. ती पुरानं आली, वाऱ्यानं आली, की माणसानं टाकली? नदी तेव्हा कुठून वाहत होती? लोक गाव सोडून गेले ते पाणी चढलं म्हणून, की आटलं म्हणून?

अकोल्याच्या माणसाला पूर्णा आठवते ती श्रावणात. गांधीग्रामला पाणी भरायचं आणि कावड खांद्यावर घेऊन राजराजेश्वराला यायचं. उरलेलं वर्ष तिच्याकडं कोण बघतं? पण तिचे काठ उभे कापलेले आहेत, आणि त्या कापात थर दिसतात. वर काळी माती, खाली पिवळसर गाळ, मधे चुनखडीचे गोटे. या खोऱ्याच्या गाळात ज्वालामुखीची राखसुद्धा मिळाली आहे. ती इथली नव्हे, सुमात्रातल्या तोबाची मानली जाते. तोबा फुटला सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी. आंध्रातल्या ज्वालापुरमला त्याच राखेच्या खालीही दगडी हत्यारं सापडली आणि वरही. २००७ साली ते प्रसिद्ध झालं, तेव्हा ‘राखेनं इथली माणसं संपवली’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. तोच प्रश्न पूर्णेला विचारायचा, तर आधी कुणीतरी काठाकाठानं पायी फिरायला पाहिजे.

मी अमरावती विद्यापीठात एम.एस्सी. केलं. बरोबरची मुलं भूजलाकडं गेली, काही खाणीत, बरीचशी एमपीएससीच्या अभ्यासिकेत. या विषयात राहायचं तर रस्ता साधारण असा: नेट द्या, जेआरएफ मिळाली तर महिना ३७ हजार, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज नाहीतर लखनौची बिरबल साहनी संस्था. डेक्कन कॉलेजात शरद राजगुरूंनी नद्यांचे काठ वाचायला शिकवलेली एक अख्खी पिढी आहे. बाकी जाहिराती येतात त्या बहुधा परदेशातल्या, दोन-तीन वर्षांच्या. मी त्या रात्री झोपायच्या आधी वाचतो. आई विचारते, “आता कुठची निघाली?” मी सांगतो, “जर्मनी.” ती म्हणते, “तिथं का माती नाही का त्यायच्याकडं?”

मला मात्र या कामाची खरी चटक लागली ती एका नमुन्यामुळं. एका सीनियरसोबत गेलो होतो. वाळूचा कण शेवटचा उन्हात कधी होता, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. त्यासाठी लोखंडी नळी थरात आडवी ठोकायची, आणि बाहेर काढताना तिच्या तोंडाला उजेड लागू द्यायचा नाही. मी डोक्यावरून काळं कापड धरून उभा होतो, आत बिनवाऱ्याचं ऊन कोंडलेलं, सीनियर हातोडा मारतोय. आपल्याकडचा दगड बेसाल्ट, त्यात क्वार्ट्झ जवळपास नसतंच, म्हणून हे काम इथं जास्तच किचकट. बांधावरून एक काका बघत होते. म्हणाले, “काय लपवून राह्यले बाप्पा?” सीनियर आतूनच ओरडला, “अंधार, काका!”

आता भोनचं सांगतो. बुलडाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्याच काठी. २००० नंतरच्या दशकात डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांनी तिथं उत्खनन केलं. विटांचा स्तूप निघाला, आणि भाजलेल्या मातीच्या कड्या एकावर एक रचून केलेल्या विहिरी निघाल्या. दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती. ज्याचं बालपण खारपाणपट्ट्यात टँकरच्या पाण्यावर गेलं, त्याला त्या विहिरींचं काय वाटतं ते मला वेगळं सांगायची गरज नाही. माझ्या मामाच्या बोअरचं पाणी जनावरंसुद्धा तोंड वाकडं करून पितात. त्या लोकांनी वरच्या थरातलं गोडं पाणी धरून ठेवलं होतं का, की तेव्हा हा पट्टा इतका खारट नव्हताच? उत्तर आहे ते विहिरींच्या तळच्या गाळात, आणि भोन जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं.

धरण नको असं मी म्हणणार नाही. खारपाणातल्या माणसाला गोड्या पाण्याला विरोध करायचा हक्क कमीच. पण पाणी चढायच्या आधी तो गाळ जितका वाचून घेता येईल तितका घ्यायला हवा, आणि त्याला पगारी माणसं लागतात. इथं त्यासाठी जागा नाहीत, आणि जर्मनीत बसून ते होणार नाही.

एक बातमी मात्र जवळची आहे. क्वाटर्नरी काळावर, म्हणजे गेल्या सव्वीस लाख वर्षांवर, काम करणाऱ्यांची ‘इन्क्वा’ ही जागतिक परिषद चार वर्षांनी भरते. २०२३ ला ती रोममध्ये झाली, २०२७ ची लखनौला ठरली. मी बाबांना तिथलं रेल्वेचं भाडं सांगितलं. ते म्हणाले, “स्लीपरनं जा. आणि त्यायले सांग, आमच्याकडंही नदी आहे म्हणून.”