कुटुमसरची दोन पत्रं

जगदलपूर, 11 डिसेंबर, रात्री

ती. आईंना शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. रायपूरची बस दीड तास उशिरा सुटली आणि केशकाल घाटात ट्रकांमागे अडकली. अंग आंबून गेलंय. लॉजवर गरम पाणी नाही. मॅनेजरने मानही वर न करता ‘सकाळी सात ते आठ’ एवढंच सांगितलं. तान्हं मूल घेतलेल्या बाईलाही तेच उत्तर, याचा मला फार राग आला. तुमची शाल पायावर घेतलीय, तेवढीच ऊब.

बाजारात चापडा घेतला. लाल मुंग्यांची चटणी, पानाच्या द्रोणात 10 रुपयांना. आधी लिंबासारखी आंबट, मग मिरचीचा जाळ. तुम्हाला नक्की आवडेल. पोहे मात्र कोरडे. ना तर्री, ना वर सांबार. बायका हलबी बोलतात. आपल्या ‘चा’च्या जागी त्यांचा ‘चो’ कानावर आला की घरची आठवण येते. बाबांच्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात आहेत.

12 डिसेंबर, संध्याकाळ

तीरथगडचा धबधबा पाहिला, छान आहे. पण आजचा दिवस कुटुमसरच्या गुहेचा.

कांगेर घाटीच्या जंगलात टेकडीला एक भेग, त्यातून लोखंडी जिना खाली जातो. वर थंडीने दात वाजत होते, खाली उतरल्यावर स्वेटर काढावा लागला. आत बारा महिने साधारण 28 अंश. आपल्या बोअरच्या पाण्याने गिझरला पांढरा थर धरतो ना, तोच चुना इथे थेंबाथेंबाने साचून छतापासून खांब उतरलेत. प्राध्यापक शंकर तिवारींनी 1951 मध्ये ही गुहा अभ्यासली.

वाटाड्याने दिवा हाताने झाकून एका कपारीकडे बोट दाखवलं. मुठीत मावतील एवढी वटवाघळं, पंख अंगाभोवती गुंडाळलेले, कान सारखे थरथरणारे. खाली विष्ठेचा काळा थर, वास डोळ्यांत चुरचुरतो. पण आई, इथे ऊन नाही, म्हणून हिरवं पान नाही. ही वटवाघळं रात्री बाहेर जाऊन किडे खातात. त्यांच्या विष्ठेवर गुहेतले रातकिडे आणि बारीक जीव जगतात. पुढच्या डबक्यात फिकट गुलाबी मासे होते, डोळे जवळजवळ गेलेले. त्याच जातीचे डोळस मासे सह्याद्रीच्या ओढ्यांत असतात. वटवाघळं गेली तर या गुहेची चूलच विझेल.

तेवढ्यात मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि मोबाईलचे झोत वर धरले. दहाबारा वटवाघळं भेदरून सुटली, लोकांच्या तोंडावरून गेली. वाटाड्याने दिवा मालवला आणि सगळ्यांना गप्प उभं केलं. त्या काळोखात फक्त थेंब ऐकू येत होते. दिवसा झोपलेल्या जिवाला असं पुन्हापुन्हा उठवलं की तो जागा सोडून जातो. शिक्षक म्हणून मला त्या पोरांना तिथेच समजवावंसं वाटलं, आणि मी समजावलं.

धाकटीला इथे आणायचंच. पावसाळ्यात आत पाणी भरतं, गुहा बंद असते. म्हणून तिची परीक्षा झाली की लगेच येऊ. आत बोलायचं नाही आणि उजेड वर धरायचा नाही, एवढं तिला आतापासूनच सांगून ठेवा.