दहावी पायली

दापोलीहून एसटीने गावी उतरलो, तेव्हा ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं. पाऊस सरला की कोकणात भातकापणीची घाई. अब्बा गेले, भाऊ कुवेतला, मी मुंबईत. तीनपैकी दोन शेतं यंदा ओसाडच राहिली. एका तुकड्यातलं भात अम्मीने मजूर लावून कापून, झोडून घेतलं होतं.

संध्याकाळी पडवीत ती पायलीने भात मोजायला बसली. नऊ पायल्या कणगीत, दहावी वेगळ्या टोपलीत.

मी म्हटलं, "अम्मी, एवढ्याशा पिकावर उश्र लागत नाही."

"ठाऊक आहे, बाळा. अब्बा होते तेव्हा लागायचा. आता लागत नाही म्हणून शेजारणीची चूल थांबते का?"

रात्री नव्या तांदळाच्या भाकऱ्या, नारळ-त्रिफळं घातलेलं बांगड्याचं कालवण. उकड काढताना ती दरवर्षीचंच बोलली, "नव्या तांदळाला पाणी कमी लागतं."

फजरनंतर टोपली मीच उचलली. शेजारच्या खालाने दुआ दिली आणि विचारलं, "पुढच्या साली शेत कोण लावणार?"

मला उत्तर सुचलं नाही. परतीच्या एसटीत मात्र जूनमधल्या रजेचा हिशेब मांडत होतो.