वळवलेली छत्री

आमच्या धारवाडच्या घराच्या गच्चीवर एक छत्री आहे. ती कोणाला पावसापासून वाचवीत नाही. स्वतःच वर्षानुवर्षे भिजत उभी आहे. वडिलांनी टीव्हीसाठी ती हौसेने बसवून घेतली होती. ते गेले, पुढे चित्रे इंटरनेटच्या तारेवरून येऊ लागली आणि छत्री निरुपयोगी झाली. भंगारवाला दोनदा दारी आला. दोन्ही वेळा आईने त्याला परत धाडले.

मला हौशी बिनतारीचा नाद आहे, परवानाही आहे. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी कतारचा एस्हैल-२ उपग्रह आकाशात गेला. त्यावर आम्हां हौशी मंडळींसाठीही सोय आहे. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरून तो ब्राझीलपासून थायलंडपर्यंतची माणसे एकमेकांना ऐकवतो. हे बोलणे १०,४८९.५ ते १०,४९० मेगाहर्ट्झवर उतरते. इतकी उच्च कंपने लांब केबलमध्ये विरून जातात. परंतु छत्रीसमोरची एलएनबी त्यांत स्वतःचे ९,७५० मेगाहर्ट्झचे कंपन मिसळते आणि त्यांची वजाबाकी, म्हणजे ७३९.५ ते ७४०, खाली पाठवते. ती संगणकाला जोडलेला बोटाएवढा रेडिओ सहज ऐकतो. आईने राखलेल्या भंगारात माझे निम्मे यंत्र तयारच होते!

तिची परवानगी घेऊन आग्नेयेकडची छत्री मी पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर वळवली. आवाज आला, पण ऊन चढले की तो घसरे. टीव्हीची वाहिनी म्हणजे हमरस्ता. एलएनबीचे कंपन थोडे हलले तरी तिला पत्ता नसतो. आमचे बोलणे तीन किलोहर्ट्झहूनही अरुंद पायवाटेने चालते. घडोघडी जबानी बदलणारा साक्षीदार मला कोर्टात पुष्कळदा भेटतो. हा घरी भेटला. शेवटी उपग्रहाच्या बीकनची स्थिर खूण धरून संगणक ती घसरण सावरू लागला.

एका संध्याकाळी ब्राझीलचा कोणी गृहस्थ आकडे मोजून चाचणी घेत होता. देवापाशी दिवा लावून आई वर आली आणि थबकली. बालपणी, १९६१ पूर्वीच्या मडगावात, ती पोर्तुगीज शाळेत दोन इयत्ता शिकली होती.

"अरे पुता, हो मनीस एक-दोन-तीन मेजता!" ती म्हणाली आणि त्याच्यामागोमाग पोर्तुगीजमध्ये दहापर्यंत मोजत गेली. माझ्या उभ्या आयुष्यात तिच्या तोंडून ते आकडे मी ऐकले नव्हते.

मग छत्रीकडे पाहत ती हळूच म्हणाली, "हें तांकां आयकूंक जाय आशिल्लें."

भंगारवाला अजून येतो. आता त्याला मीच परत धाडतो.