असोद्याची वांगी आणि सहारचा तळ

जळगावपासून दीडएक कोसावरचे आमचे असोदा दोन गोष्टींसाठी महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८८० साली बहिणाबाई चौधरी येथे जन्मल्या, ही एक. आणि येथली भरिताची वांगी, ही दुसरी. पहिल्या गोष्टीवर मी वर्गात तास घेतो. दुसरीने मला गेल्या मार्गशीर्षात मुंबईच्या विमानतळावर पेचात टाकले.

धाकटा भाऊ कॅनडात असतो. वडील गेले आणि आई असोद्याच्या घरात एकटी उरली. "सहा महिने तरी पाठव," असा त्याचा लकडा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईचा पासपोर्ट निघाला. तो तिने देवघरात ठेवला! परतीचे तिकीट काढलेले होते, तरी तिने शेजारणीला तुळशीसुद्धा नेमून दिली. ते मला बरे वाटले नाही.

रात्रीच्या गाडीत दोघांनाही झोप नव्हती. मास्तराला गप्प बसवत नाही, म्हणून मी विमानांचा इतिहास सुरू केला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन एक चिमुकले विमान जुहूला उतरवले. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल होई, तेव्हा विमाने पुण्याला न्यावी लागत. पुढे युद्धकाळात लष्करी असलेला सांताक्रूझचा तळ मुलकी वाहतुकीकडे आला. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला निघाली. १९५८ साली सांताक्रूझला प्रवाशांची इमारत झाली. १९८१ साली परदेशी विमानांसाठी सहारची. १९९९ साली तळाला छत्रपती शिवाजींचे नाव मिळाले, आणि आजची भव्य इमारत २०१४ सालची.

आईने एवढे ऐकून विचारले, "आन् एवढी इमानं उतरतात कशी रे?"

प्रश्न माझ्या इतिहासापेक्षा चांगला होता. मुंबईला धावपट्ट्या दोन. पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकीचाच उपयोग. गर्दीच्या वेळी तासाला चाळिसांहून अधिक विमाने याच शिस्तीने चढतात, उतरतात.

"म्हंजे चौफुलीच की. एक गाडी गेल्याबिगर दुसरी कशी जाईन?"

याहून सोपे मलाही सांगता आले नसते. मोठी धावपट्टी मिठी नदीवरून जाते, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हा तळ बंद पडला होता, हे मात्र मी सांगितले नाही. प्रवासाला निघालेल्या माणसाला काय काय सांगावे!

रात्री दहाला आम्ही सहारला पोचलो. परदेशी विमानांची गर्दी तिथे मध्यरात्रीची. दाराशी बंदूकधारी जवान पासपोर्ट आणि तिकीट पाहतो; बिनतिकिटाच्या मुलाची वाट तिथेच संपते. मधे विमान बदलायचे, इंग्रजीचा गंध नाही, म्हणून भावाने चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती. ती पाहताच आई उसळली, "मी काय लंगडी हाये?" खुर्ची ढकलणारा पोरगा हसून म्हणाला, "बसा ना आजी, वाट फार लांब आहे." बसली.

बसल्यावर तिने शालीखालून एक कापडी पिशवी काढली. आत पाच वांगी! ताजी भाजी आणू नका, उतरल्यावर तपासतात, असे भावाने तीनतीनदा बजावले होते. कळण्याचे पीठ आणि बिबडे बांधले तेव्हा वांगी मीच बाहेर काढून ठेवली होती. तिने मुकाट्याने पिशवी माझ्या हातात दिली.

"तूच ने, नाना. पन गॅसवर नको भाजू."

काचेआड खुर्ची वळली, आणि मला तिचा अंबाडा तेवढा दिसला.

सकाळच्या गाडीने मी परतलो, पिशवी मांडीवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी असोद्याचे कुलूप काढले, अंगणात पऱ्हाट्या पेटवल्या आणि वांगी उलटीपालटी करू लागलो. शेजारणीने भिंतीवरून डोकावून हिरव्या मिरच्या दिल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले रे. इथं समदं पांढरंच हाये," आई म्हणाली. "वांगे भाजले का?"