ताबा

बरेच दिवस हे लिहू की नको असं चाललं होतं. गोष्ट घरातली, आणि हा ब्लॉग म्हणजे आमच्या अर्ध्या नातेवाईकांचा सकाळचा पेपर! शेवटी धाकट्या भावालाच विचारलं. तो म्हणाला, "लिही ताई. फक्त नावं नकोत आणि तिच्याबद्दल वाकडं काही नको." तिच्याबद्दल म्हणजे माझ्या भावजयीबद्दल. आता कागदोपत्री ती माझी भावजय नाही, पण तोंडात तेच बसलंय.

दोघांचं का फिसकटलं ते इथे सांगणार नाही. (मावशी, फोन करू नकोस.) भाची सव्वापाच वर्षांची असताना भावजय तिला घेऊन माहेरी गेली, दुसऱ्या गावी, गाडीने चार तास. पहिले दोन महिने फोनवर 'बाबा कधी येणार' ऐकू यायचं. मग फोन उचलणं कमी झालं. मग बंद.

घरी रोज संध्याकाळी सभा भरायची. कुणीतरी एक वकील सुचवले. त्यांनी पहिल्याच भेटीत १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा काढला आणि कलम ६ वाचून दाखवलं : नैसर्गिक पालक बाप, त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं असं त्यातच आहे, पण आपली मुलगी तर पाचच्या वर. म्हणजे केस आपलीच! भाऊ घरी आला तो छाती फुगवूनच. त्याच सुमारास एका हितचिंतकांनी सल्ला दिला की कोर्टबिर्ट कशाला, शाळा सुटताना जाऊन मुलीला सरळ घेऊन या, बाप आहात, कोण अडवतंय.

आता कबुली. मला तो सल्ला पटला होता. मी आमच्या पाहुण्यांच्या खोलीत तिच्यासाठी गादीसुद्धा घातली होती. भावाला तिकडे गाडीने सोडायला मी जाणार होते.

गेलो नाही याचं कारण एक वकीलबाई. माझ्या मैत्रिणीने खूप आग्रह केला म्हणून आदल्या दिवशी त्यांना भेटलो. साठीच्या असाव्यात, ऑफिस म्हणजे जिन्याखालची एक खोली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भावाला विचारलं, "मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय?" माहीत नव्हतं. "कुठल्या डॉक्टरांकडे नेता? शेवटची लस कधी दिली?" नाही. "बुटाचा नंबर?" भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मला तरी कुठे माहीत होतं!

"कोर्ट हे विचारणार," बाई म्हणाल्या. "तुमचा हक्क किती मोठा आहे ते नंतर."

मग त्यांनी समजावलं. त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की सर्वात वरचा विचार मुलाच्या हिताचा, बाकी सगळं त्याखाली. शिवाय पालकत्व वेगळं आणि ताबा वेगळा. कलम ६ मधल्या 'नंतर' या शब्दाचा अर्थ 'बाप मेल्यावरच' असा घ्यायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलंय. त्यामुळे त्या कलमावर छाती फुगवण्यात अर्थ नाही. आणि शाळेतून मुलगी उचलून आणलीत तर उद्या न्यायाधीशांसमोर तुम्ही काळजीवाहू बाप नाही, मुलीला घाबरवणारा माणूस म्हणून उभे राहाल.

त्या रात्री मी गादी गुंडाळून ठेवली.

बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली ती भावाला जास्त झोंबली. रागाच्या भरात त्याने पैसे पाठवणं थांबवलं होतं. 'भेटू देत नाही, मग कशाला?' बाई म्हणाल्या, "मुलीचा खर्च हा भेटीचं तिकीट नाही. आधी मागचे सगळे भरा, बँकेतून भरा, मग माझ्याकडे या." भरले. महिनाभर घरात कुणी त्या विषयावर बोललं नाही.

अर्ज करायचा तो मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा तसंच सांगतो. म्हणजे प्रत्येक तारखेला पहाटेची एसटी. मी बऱ्याचदा सोबत जायचे. कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नसतो, कोर्टाच्या परवानगीने तो उभा राहतो, हे मला तिथे कळलं. आधी समुपदेशकांसमोर दोघांनाच बसवतात. भाऊ पहिल्या वेळी बाहेर आला तेव्हा घामाने शर्ट भिजला होता.

बाकड्यावर एक रिक्षावाले नेहमी भेटायचे, तेही मुलासाठीच येत होते. त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळाला होता. बायकांना आणि मुलांना ही मदत उत्पन्न न बघता मिळते. पुरुषाला मिळते ती उत्पन्न मर्यादेत असलं तर, किंवा तो अनुसूचित जाती-जमातीचा, अपंग वगैरे असला तर. माझ्या भावासारख्या पगारदाराला नाही. पण असे कितीतरी बाप असतील ज्यांना मिळू शकते आणि ते चौकशीच करत नाहीत. १५१०० हा त्यांचा फोन नंबर, कुणाला लागला तर.

पहिली भेट कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत, दोन तास. भाचीने चाळीस मिनिटं त्याच्याकडे पाठ फिरवून ठोकळे रचले. मी दारातून बघत होते आणि मला आत जाऊन तिला कुशीत घ्यावंसं वाटत होतं. भाऊ काही बोलला नाही, खाली सतरंजीवर बसला आणि पडलेले ठोकळे उचलून तिच्या बाजूला ठेवत राहिला. वेळ संपताना ती म्हणाली, "तो लाल द्या." द्या! पूर्वी 'बाबा, दे' म्हणायची. परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

सुरुवातीच्या आदेशात भेटीसाठी 'सोयीच्या वेळी' असं काहीतरी होतं. त्या एका शब्दाने तीन महिने खाल्ले. कुणाच्या सोयीच्या? तडजोडीच्या अटी लिहिताना वकीलबाईंनी सगळं घड्याळ लावून लिहिलं : दुसरा आणि चौथा शनिवार, किती वाजता, कुठून घ्यायचं, कुणी पोचवायचं, बुधवारी आणि रविवारी साडेसातला व्हिडिओ कॉल, दिवाळी आणि मेच्या सुट्टीची विभागणी, शाळेचं प्रगतिपुस्तक दोघांना. भावजयीनेही दोन अटी घातल्या, त्या रास्तच होत्या. एक आम्हा नातेवाईकांबद्दल होती : मुलीसमोर आईला नावं ठेवायची नाहीत. वाचताना माझे कान गरम झाले.

ताबा आईकडेच राहिला. घरी आल्यावर काका म्हणाले, "म्हणजे हरलास की." मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. 'ताबा' हा शब्दच असा आहे, आपण तो फ्लॅटबद्दल वापरतो. मिळाला किंवा नाही मिळाला, मध्ये काही नाही. विधी आयोगाने २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती, ती अजून कायद्यात उतरलेली नाही. ती यावी असं मला वाटतं, पण सरसकट अर्धं-अर्धं नको. त्या बाकड्यांवर मी असेही बाप पाहिलेत ज्यांच्याकडे मी स्वतः मूल पाठवलं नसतं.

भावाने काकांना उत्तर दिलं नाही. तो मोबाइलमध्ये अटी परत वाचत होता.

या दिवाळीत भाची पाच दिवस येतेय, रात्री राहायला पहिल्यांदाच. गादी परत घातलीय. काल मी तिला बूट घ्यायला निघाले तर भाऊ मागून ओरडला, "बारा नंबर, ताई! आणि वेल्क्रोचे घे, तिला नाडी जमत नाही अजून."

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचला तिला परत पोचवायचंय, तसं लिहिलंय. हा पठ्ठ्या सकाळी अकरालाच निघणार म्हणतोय, घाटात गाड्या तुंबतात म्हणून.